बॉनेटवरचे एकशेदहा मायक्रॉन

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली आणि वर्तमानपत्रांनी पद्मिनीला निरोप दिला. तो निरोप टॅक्सीला होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून आधी फिएट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं निघालेल्या गाड्यांपैकी कितीतरी घरच्या गाड्या होत्या. त्यांतल्या काही आजही बंगल्याच्या पोर्चमध्ये, सोसायटीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली शाबूत आहेत. इंजिन बांधून देणारा मिस्त्री अजून मिळतो. पुण्यात नाना पेठेत हिंडलं की सुटं सामानही बरंचसं मिळतं. घोडं पेंड खातं ते रंगापाशी. चाळीस वर्षं ऊन खाल्लेला मूळ रंग घासूनपुसून जगवायचा, की पत्र्यापर्यंत खरवडून नवा मारायचा?

या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं देणारी माणसं इथं समोरासमोर आहेत. एक, वडिलांनी घेतलेली १९८४ची निळी पद्मिनी सांभाळणारी ताई. सुटीच्या दिवशी स्वतःच्या हातानं गाडी पॉलिश करायची, असं तिनं ठरवलं आहे. दुसरे, उभी हयात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेले मामा. मी स्वतः मूळ रंग जपण्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. पण मामांचे मुद्दे डावलून ती बाजू घेता येत नाही, म्हणून दोघांनाही बोलू द्यावं.

मामा : ताई, बॉनेटवर बोट फिरवलं तर पांढरट निळी पूड निघते. हा रंग मेलाय. मेलेल्या रंगाला पॉलिश चोळून काय मिळणार? सगळा उतरवू, पत्र्याला एपॉक्सी प्रायमर देऊ, वर सरफेसर आणि त्यावर हार्डनर मिसळलेला टू-के रंग. पुढची दहा वर्षं बघायला नको.

ताई : पूड निघते म्हणजे वरचा थर गेला, मामा. सगळा रंग नाही गेला. रंगात एक रंगद्रव्य असतं आणि दुसरी ते धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण ती राळ तोडतात. ती झिजली की रंगद्रव्याचे कण सुटे पडतात, तीच तुमच्या बोटावरची पूड. खडबडीत झालेल्या पृष्ठावर उजेड विखुरतो, म्हणून निळा रंग दुधाळ दिसतो. डिकीच्या झाकणाखालचं रबरी बीडिंग जरा उचलून बघा, तिथं ऊन पोचलेलं नाही. कारखान्यातून निघाला तसा निळा आहे.

मामा : तिथं असणारच. पण बॉनेटवर खाली किती उरलाय, ते बोटाला कळत नाही.

ताई : रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरला कळतं. मी भाड्यानं आणून सगळी गाडी मोजली. बॉनेट एकशेदहा मायक्रॉन. छप्पर जवळपास तेवढंच, उजवी बाजू थोडी जास्त. डावं पुढचं दार तीनशेऐंशी. आणि डाव्या मागच्या मडगार्डच्या खालच्या कडेला आकडा हजाराच्या पुढे गेला.

मामा : त्याला मीटर कशाला? फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, त्या कडेला ते धरतच नाही. खाली लांबी, म्हणजे पुटी, भरलीय, बोटभर. दार कधीतरी ठोकून परत मारलंय. म्हणजे जो मूळ रंग जपायचा म्हणता, तो या दोन जागी आधीच गेलाय.

एकशेदहा मायक्रॉन म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणलं पाहिजे, कारण सगळा वाद त्या आकड्यावर उभा आहे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. प्रायमर धरून बॉनेटवरचा सगळा थर दीड केसाएवढा, आणि त्यातला निळा भाग फार तर निम्मा. सौम्य पॉलिश एकदा फिरवलं की साधारण मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातो, जाड रबिंग कंपाउंड त्याहून बरंच जास्त खातं, पॉलिश पेपर त्याहूनही जास्त. चमक येते ती वर काही चढवल्यामुळे नाही, तर वरचं काही काढून टाकल्यामुळे. दुकानातल्या बाटलीवर हे कोणी लिहीत नाही. गाडी चमकवण्याच्या हौसेनं बसलेल्या प्रत्येकानं ते आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मामा : बरं, हा रंग कुठला, ते तरी बघितलंत?

ताई : बघितलं. डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन चोळलं. कापड निळं झालं. म्हणजे वर क्लिअरचा वेगळा थर नाही, आपण थेट रंगच घासतो आहोत. हल्लीच्या मेटॅलिक गाडीवर असं केलं तर कापड पांढरंच राहतं, कारण तिथं वरचा पारदर्शक थर घासला जातो.

मामा : अर्धंच बघितलंत. मी डिकीच्या आत थिनरचा बोळा दाबून धरला. एनसी असता तर मिनिटाभरात चिकट होऊन बोळ्यावर आला असता. नाही आला. भट्टीत भाजलेला इनॅमल आहे, कारखान्याचाच. दाराच्या आतल्या कडेला तोच बोळा धरला, तर लगेच निळा झाला. कुणीतरी दार ड्युकोत मारलंय. दोन्हींचं वागणं वेगळं. तुमचं तेच पॉलिश दारावर फिरवलंत तर ते वेगळं झिजणार.

मामांची ही थिनरची परीक्षा मला फार मोलाची वाटते. नायट्रोसेल्युलोजचा रंग, म्हणजे गॅरेजवाल्यांचा एनसी किंवा ड्युको, नुसता थिनर उडून वाळतो आणि पुन्हा थिनर लागला की विरघळतो. तो मारल्यावर मंदच दिसतो, त्याला घासूनच तेज आणावं लागतं. ड्यूपाँटनं तो काढला आणि जनरल मोटर्सनं १९२०च्या दशकात ओकलंड गाड्यांवर वापरला, तेव्हा गाडी रंगवायला लागणारे आठवडे तासांवर आले. तोच पुढं आपल्या गॅरेजांमधून मुरला, आणि त्याच्याबरोबर रबिंगची सवयही. इनॅमलला मात्र ती सवय मानवत नाही. ज्याला जितकं घासण्याची गरज, त्याहून जास्त त्याला घासू नये.

मामा : आता सांगा, करणार काय? मशीन आणणार?

ताई : मशीन आणलं तर गोल फिरणारं नाही, डोलत फिरणारं. त्याचा पॅड एकाच जागी उष्णता साठू देत नाही. पण बॉनेट आणि छप्पर मी हातानंच करणार आहे.

मामा : हे बरोबर बोललात. गोल मशीन आणि लोकरीचा पॅड मी रोज चालवतो, म्हणून सांगतो, घरच्या माणसानं तो धरूच नये. सपाट जागी काही होत नाही, नुकसान होतं ते कडेला. बॉनेटची मधली घडी, मडगार्डची धार, दाराच्या हँडलभोवतीचा उंचवटा. ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो, तिथं तो मुळातच पातळ बसतो. दोन सेकंद मशीन टेकलं की प्रायमरची पट्टी वर येते, आणि मग पॉलिश राहतं बाजूला.

ताई : म्हणून सगळ्या धारांवर आधी मास्किंग टेप लावणार. आणि त्याच्याही आधी धुणार. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचे पांढरे डाग छपरावर बसलेत. पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून कापड भिजवून ते डाग सोडवले. मग शाम्पू, दोन बादल्या, एक धुण्याची आणि एक खळबळण्याची. मग क्ले बार, भरपूर ओलावा ठेवून. बोटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हात फिरवला, तर आधी खरखर लागत होती. क्लेनंतर लागली नाही.

मामा : धुण्याचं म्हणता ते लाखाचं आहे. गाड्यांवरच्या गोल रेषा कुठून येतात? पहाटे एकच बादली आणि एकच फडका घेऊन पंधरा गाड्या पुसायला लागतात ना, तिथून. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर घासली जाते. पुसणाऱ्या पोराचा दोष नाही, त्याला तेवढंच पाणी मिळतं. माझ्याकडे गाड्या येतात त्या ऊन-पावसानं कमी आणि कोरड्या फडक्यानं जास्त बिघडलेल्या.

ताई : आमच्याकडे दर रविवारी रॉकेलचा हात फिरायचा. गाडी दिवसभर झळकायची.

मामा : सगळेच करायचे. टॅक्सीवाले डिझेलचा करायचे. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ बसते, रबर फुगतं, आणि तेलाखालचा रंग होता तसाच राहतो.

ताई : माझी पुढची पायरी तुम्हाला तशीच वाटेल, पण ती वेगळी आहे. कापायचं पॉलिश लगेच घेत नाही मी. आधी खरखरीत टॉवेलवर तेलकट ग्लेझ घेते आणि छोट्या भागात जोर लावून चोळते. टॉवेल निळाभोर होतो. वरची मेलेली पूड निघून जाते, पण धार असलेलं काहीच नसल्यामुळे खालचा चांगला रंग फारसा जात नाही. मग ग्लेझचा जाड हात देऊन रात्रभर ठेवते. कोरडा पडलेला रंग ते तेल पितो. सकाळी पुसलं की निळ्याला खोली आलेली असते. त्यानंतर सौम्य पॉलिश, एकच हात.

मामा : तेल किती दिवस राहणार?

ताई : फार नाही. म्हणून वर मेण. कार्नोबा, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं. ऐंशी अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावरही टिकतं. दोन-तीन महिन्यांनी परत लावायचं. घरी जुनी वॅक्सपोलची डबी होती, वडील दसऱ्याला लावायचे, तेच काम.

मामा : सिरॅमिक कोटिंग नाही मारणार? हल्ली सगळे तेच मागतात.

ताई : सिरॅमिक ज्या रंगावर बसतं त्याला तसंच ठेवतं. खाली चरे असले तर चऱ्यांसकट. शिवाय उद्या दाराला टच-अप लागला, तर तुम्हालाच ते आधी घासून काढावं लागेल.

मामा : हे ऐकून बरं वाटलं. आता माझं ऐका. रंग पत्र्यासाठी असतो. पत्रा गाडीचा, गाडी माणसांना घेऊन पळते. तुम्ही बॉनेट आरशासारखं कराल आणि त्या मडगार्डखाली गंज चालूच राहील. लांबी पाणी धरते, ताई. बाहेरून गुळगुळीत दिसते आणि आतून पत्रा चाळण होतो. दारांखालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा, दोन जागी टोक आत जाईल. मी नवा रंग म्हणतो तो चमकेसाठी नाही म्हणत. एकदा सगळं उघडलं की काय कुजलंय ते दिसतं. झाकून ठेवलेल्या गाडीचं काहीच दिसत नाही.

इथं मामांना खोडून काढणं कठीण आहे, आणि खोडू नये. घरी पॉलिश करणारा माणूस डोळ्यांच्या उंचीवरची गाडी बघतो, पेंटर आडवा होऊन खालची बघतो. जुन्या गाडीचा गंज दारांच्या खालच्या घडीत, चाकाच्या कमानीत, काचेच्या रबराखाली आणि डिकीच्या तळाशी जमणाऱ्या पाण्यात सुरू होतो, आणि या चारही जागा पॉलिशच्या वाटेत येत नाहीत.

ताई : मडगार्ड आणि पट्ट्या तुमच्या. कापा, नवा पत्रा जोडा, त्यावर तुमचा एपॉक्सी. त्यात मी वाद घालत नाही. पण त्यासाठी छप्पर का उतरवायचं? छपराला काहीही झालेलं नाही.

मामा : कारण मग गाडीला दोन निळे होतील. अर्धी जुनी, अर्धी नवी. माझ्या हातून गाडी अशी बाहेर पडली तर लोक मलाच विचारतील.

ताई : पण सगळी एकदा उतरवली तर कुर्ल्याच्या हाताचं काहीच उरत नाही, मामा. डिकीच्या झाकणाच्या आत बघा, रंगाला संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचसखल ठिपके आहेत. एका कडेला ओघळ वाळलेला आहे. तो काढला तर परत आणता येणार नाही. फिवा म्हणून जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, तीस वर्षांपुढची गाडी तो ऐतिहासिक धरतो. त्यांच्या तुरिनच्या सनदेचा भर याच्यावरच आहे : जे मूळ टिकलंय ते आधी जपा, नवं करणं नंतर. पॅरिसमध्ये २०१५ साली फेरारीची एक कॅलिफोर्निया स्पायडर लिलावात विकली गेली, सोळा दशांश तीन दशलक्ष युरोला. फ्रान्समधल्या एका शेतावर वर्षानुवर्षं पडून असलेली. तिच्यावरची धूळसुद्धा तशीच ठेवली होती.

मामा : ती गाडी लिलावात उभी राहिली, ताई. तुमची पावसात उभी राहते. धूळ त्यांना परवडते.

ताई : पैशासाठी नाही म्हणत मी. पद्मिनीला कोण कोट्यवधी देणार? वडिलांनी ज्या रंगावर हात फिरवला तो हा आहे, एवढंच.

मामा : ते मला कळतं.

ताई : सरकारी बाजूही बघितली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी नवं करायचं, ते चालूच आहे. २०२१ला पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले, त्यात माझी २०३४ला बसेल.

मामा : त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन मूळ पाहिजे. परत रंग मारायला कुणी नाही म्हणत नाही. फक्त आरसीवर निळा लिहिलाय तर निळाच मारायचा, नाहीतर आरटीओत नोंद बदलावी लागते.

ताई : आणखी एक विचारू? सगळी गाडी टू-केत मारायची म्हणता, तेव्हा तोंडाला काय बांधता?

मामा : रुमाल.

ताई : टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमालानं ते अडत नाही, साध्या धुळीच्या मास्कनंही नाही. फवाऱ्यातून छातीत गेलं की काहींना दम्याचा त्रास जडतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोड्याशा वासानंही त्रास होतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पूर्ण गाडी मारायची म्हणजे तुमचे दोन-तीन दिवस त्या फवाऱ्यात. एक मडगार्ड मारायचं तर तासाचं काम.

मामा : आमच्या उस्तादांना खोकला होता. शेवटपर्यंत होता.

ताई : मुखवट्याचे पैसे माझ्या बिलात धरा. आणि दाराचा जुना थर कोरडा घासू नका, ओलाच घासा. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट असायचं. या दाराखाली कुठला रंग आहे, आपल्याला माहीत नाही.

वादातली ही जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवा रंग की जुना, हा प्रश्न आपण नेहमी गाडीच्या बाजूनं विचारतो. रंग मारणाऱ्याच्या बाजूनंही तो विचारायला हवा. चांगला रंग उगाच उतरवायचा ठरवलं, की कुणाची तरी छाती त्या फवाऱ्यासमोर उभी राहते, आणि गाडीला त्याची गरज नसते.

मामा : ठीक आहे. छप्पर आणि बॉनेट तुमचं. मडगार्ड, पट्ट्या आणि दार माझं. पण माझी एक अट आहे. पॉलिश घेताना डबीवर सिलिकॉन नाही ना, ते बघून घ्या. सिलिकॉन एकदा पत्र्यावर फिरलं की शेजारी मारलेला नवा रंग फाटतो, त्यात गोल गोल खड्डे पडतात. किती धुतलं तरी रेंगाळतं. तुमच्या वॅक्सपोलचा जुना हात आधी मी पेट्रोलनं नाही, वॅक्स रिमूव्हरनं काढणार.

ताई : कबूल. शेड कुठली जुळवणार? मला बीडिंगखालची हवी आहे, कारखान्याची.

मामा : ती जुळवली तर दार एकटंच गडद दिसेल. सगळी गाडी चाळीस वर्षं उन्हात होती आणि दार कालच आलं, असं रस्त्यावरच्या पोरालाही कळेल. शेड शेजारच्या पॅनलची घ्यायची असते.

ताई : शेजारचं पॅनल आज दुधाळ आहे. त्याची शेड घेतलीत आणि नंतर मी पॉलिश केलं, तर दार फिकट पडेल.

मामा : म्हणून तर आधी तुम्ही. पुढचं डावं मडगार्ड आणि मागचं दार पूर्ण करून घ्या, ग्लेझ, पॉलिश सगळं. मेण मात्र लावू नका. रंग बसला की दिसतो तो खरा. मग मी सकाळच्या उजेडात शेड बनवतो. ट्यूबलाइटखाली बनवलेली शेड बाहेर आली की बदलते. पत्र्याच्या तुकड्यावर मारून पूर्ण वाळू द्यायची, ओला निळा वाळल्यावर गडद होतो.

ताई : तुकडे दोन मारा. एक पुढच्या मडगार्डच्या शेडचा, एक बीडिंगखालच्या. दोन्ही दारावर धरून बघू.

मामा : दोन मारतो. पण उन्हात धरून बघायचे, पोर्चमध्ये नाही.